पाहुणी झालेली आई

बाबा, आईला आता बरंच काही आठवत नाही, आणि तिच्या गोळ्यांची आठवण एक बोलता डबा करून देतो. हसू नका. स्नेहलतागंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, ओट्यावर मिक्सरशेजारी असतो तो. मी ऑफिसात असताना गोड हिंदीत विचारायचा, "माताजी, आपने बीपी की दवाई ली?" आई हो म्हणाली की माझ्या फोनवर हिरवी खूण यायची. ती बघून मी निवांत जेवायचे, एवढी मी शहाणी.

मग एक दिवस आई मोरीच्या दारात चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही, नशीब. डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि विचारलं, "दवाई चल रही है ना, मैडम?" मी तोऱ्यात फोन पुढे केला. घरी येऊन गोळ्यांची बाटली उघडली, तर ती जवळजवळ भरलेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आतल्या खोलीच्या दाराआडून बघत बसले. डब्याने विचारलं. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "हाँ जी, हो गया सब. आप तकलीफ मत कीजिए." गोळीला हातसुद्धा लावला नाही. मी बाहेर आले तर हळूच मला म्हणते, "किती अच्छे लोक आहेत गं हे, सारखं विचारतात. पण दुसऱ्याच्या घरी किती घ्यायचं, शरम वाटते ना बेटा." बाबा, आपल्या घरात तिला कधी कुणी 'आप' म्हटलं नव्हतं. ते ऐकून ती स्वतःच्याच घरात पाहुणी झाली होती. मला रडूच फुटलं.

आणि मला छत्रीबागेतल्या आपल्या जुन्या घरातला, लहानपणीचा एक रविवार आठवला. बाहेर तुमचे ऑफिसातले मित्र बसलेत, मी फ्रॉक सावरत विचारते आहे, "काका, पोहे घेणार का?" सगळे म्हणतात, नको गं, खाऊन आलो. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन कान धरता. "असं विचारलं की माणूस नाहीच म्हणणार. विचारायचं नाही, बशी हातात द्यायची!" मग त्याच काकांनी दोनदा मागून घेतले पोहे.

आता सकाळी निघताना मी गोळी वाटीत काढून डब्यापुढे ठेवते, शेजारी पाणी. डब्याचं वाक्यही बदललं. "माताजी, आपके लिए निकाल के रखी है, ले लीजिए." आई संकोचते, पण घेते. वर वाटी धुऊन ठेवते. बीपी उतरलं, डॉक्टर खूश आहेत.

पण पाहुणीला परतायचंही असतं. संध्याकाळी मी येते तेव्हा ती पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसलेली असते. "चल बेटा, निघते आता. हे वाट बघत असतील." पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तुम्ही आता या जगात नाही म्हणून. ते तिने नव्यानेच ऐकलं आणि नव्यानेच रडली, बाबा. पुन्हा सांगायची माझी हिंमत नाही. आता मी म्हणते, "थांब ना आई, बाबाच येताहेत तुला न्यायला." मग ती केस सारखे करते आणि दाराकडे बघत बसते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर सांगून टाकते. रोज मी ते तिची समजूत घालायला म्हणते. काल फार दमले होते, आणि म्हणता म्हणता मला खरंच वाटलं, या एकदाचे, न्या तिला. बाबा, इतक्यात येऊ नका.