घड्याळाचे सात ठिपके

विश्रांतवाडी, पुणे
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय श्रीधर,

तुझा नातू रोहन परवा येऊन गेला. हिंजवडीहून थेट मोटारसायकलवर, पाठीला लॅपटॉप. मुलगा चांगला आहे. चहाची कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली, म्हणजे हे वळण तुझ्याकडचं नव्हे. तुझ्या सत्तरीचा समारंभ, गौरवग्रंथ आणि वर एक वेबसाइट; त्यासाठी त्याला माझ्या आठवणींची दोन पानं हवी होती. "आजी, जरा हलकंफुलकं लिहा." मी म्हटलं, बाबा रे, मी अणुऊर्जेत होते, हलकंफुलकं तिथे काही नव्हतं. मग त्याने पहिलं पान दाखवलं. हनुवटीला हात लावून बसलेला तू, तरुण, आणि खाली ठळक अक्षरांत, 'छत्तीस वर्षं अणुशक्तीच्या सेवेत. १९६४च्या गळतीतही डोस शून्य.' "कूल ना?" तो म्हणाला. खूपच, मी म्हटलं. त्याला तो होकार वाटला.

दोन पानं मी देणार नाही. त्याऐवजी हे पत्र.

आपण एम.एस्सी.ला एकाच बाकावर होतो. पहिल्या दिवशी मी "अरे, ते मीटर इकडे दे" म्हटलं आणि शनिवार पेठेतला तू असा दचकलास की मीटरच खाली पाडलंस. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हांला खूप काही शिकवलं, मुलांना 'अहो' म्हणायचं तेवढं राहून गेलं. माझे वडील खडकीच्या कारखान्यात फिटर, तुझे शाळेत संस्कृत शिकवायचे. एकदा मी वह्या न्यायला तुमच्याकडे आले होते. तुझ्या आईंनी पाणी दिलं आणि मी प्यायलेला पेला उचलून त्या बाहेर न्यायला निघाल्या. तू तो त्यांच्या हातातून घेतलास, त्यात पाणी ओतलंस आणि त्यांच्यासमोर उभ्याने प्यायलास. तो पेला मी विसरले नाही. पुढचं सगळं त्यामुळेच झालं असं आता वाटतं.

परीक्षेत मी पहिली आले, तू तिसरा. नोकरी मात्र एकाच दिवशी लागली. तुला अणुभट्टीतून निघालेल्या इंधनाचं काम मिळालं, मला डार्करूम. बाईमाणसाला ते सुरक्षित, असं साहेब म्हणाले. तरी मी रुसले नाही. पत्र्याच्या बराकी, शिशाच्या विटांच्या भिंती, परदेशी पुस्तकातली आकृती पाहून आपल्याच कार्यशाळेत घडवलेले चिमटे. आपण जगात नसलेलं काही करतोय अशा थाटात सगळे वावरत होतो. देशही नवा होता आणि आपली अक्कलही नवीनच होती.

तुला ठाऊक आहे, पण हे पत्र दुसऱ्या कोणी वाचलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहिते. प्रत्येकाने छातीवर एक बिल्ला लावायचा, आत काळ्या कागदात गुंडाळलेली छोटी फिल्म. माणसाच्या अंगावर जितके किरण, तितकी फिल्म काळी. महिन्याच्या शेवटी मी त्या धुवायचे, मोजायचे आणि नावापुढे डोस, म्हणजे किरणांची मात्रा, लिहायचे. मर्यादा ओलांडली की तीन महिने आत जायला बंदी, म्हणजे भरपगारी रजाच. म्हणून तुमच्यातले हुशार लोक बिल्ला खणात ठेवून आत जायचे. पगारासाठी नव्हे, काम थांबू नये म्हणून. एवढं मी आजही मान्य करीन.

१९६४च्या मार्चमध्ये किरणोत्सारी द्रवाची नळी फुटली. तीन दिवस तू घरी गेला नाहीस. तुझ्याबरोबर आत होते रंगराव, हेल्पर, आपल्याहून तीनेक वर्षांनी मोठे, येरवड्याचे. त्यांचा नोकरीचा अर्ज मीच लिहून दिला होता. सांडलेलं फडक्यांनी टिपायचं काम त्यांचं. बिल्ला अजिबात काढायचा नाही, असं तूच त्यांना बजावलं होतंस. त्यांनी काढला नाही.

रंगरावांची फिल्म कोळशासारखी निघाली. तुझी कोरी. म्हणजे अगदी कोरी नव्हे. ओली फिल्म दिव्यासमोर धरली तेव्हा तिच्यावर कमानीसारखे सात फिकट ठिपके दिसले, आणि मध्ये एक धूसर डाग. मला आधी वाटलं माझंच काही चुकलं. मग लक्षात आलं, हे अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या घड्याळाचे आकडे. खणात बिल्ल्यावर पालथं पडलेलं घड्याळ, तीन दिवस. आकडे जागेवर राहिले म्हणून ठिपके, काटे फिरत राहिले म्हणून डाग. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं ते स्विस घड्याळ तू कधी आत नेत नसायचास, त्याला काही लागेल म्हणून. स्वतःला लागेल याची तुला पर्वा नव्हती, आणि रंगरावांचा तर विचारच मनात आला नसेल.

मी तुझ्या नावापुढे शून्य लिहिलं.

चौकशी अर्ध्या तासात आटोपली. शेजारी शेजारी काम केलेल्या दोघांपैकी एकाची फिल्म काळी आणि एकाची कोरी. रंगरावांना विचारलं, "साहेबांचा शून्य, मग तुझाच एवढा कसा रे?" तू सांगितलंस, बिल्ला छातीवर होता. मला विचारलं, फिल्ममध्ये काही वेगळं आढळलं का? मी नाही म्हटलं आणि सही केली. रंगरावांनी रजेच्या लोभाने बिल्ला मुद्दाम गळतीपाशी ठेवला, असा शेरा पडला आणि त्यांची नोकरी गेली. त्यानंतर कॅन्टीनमध्ये तू माझ्या टेबलावर बसेनासा झालास. तुला संकोच वाटत असेल, असं मी समजत होते. माणूस किती भाबडा असतो.

निवृत्तीनंतर मी इथे आले. रंगराव दोन गल्ल्या सोडून राहतात. तीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या फाटकावर वॉचमनकी केली. पौर्णिमेला विहारात भेटतात. आम्ही शेजारी बसून पंचशील म्हणतो, त्यात चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते येतं तेव्हा मी नुसते ओठ हलवते. एकदा बाहेर चपला घालताना म्हणाले, "बाई, तिथं तुम्ही एकट्या सरळ. माझी काळी होती ती काळीच लिहिलीत."

मग गेल्या वर्षी माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. त्यांची मुलगी कल्याणी शाळेत शिक्षिका आहे. तिने अर्ज केला आणि चौकशीच्या कागदाची प्रत मिळवली. जानेवारीत माझ्या दारात उभी राहिली. "मावशी, ही सही तुमचीच ना?" आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिला नुकसानभरपाई नको आहे. वडील आहेत तोवर तो शेरा काढून हवा आहे. रंगराव आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. नवा पुरावा असल्याशिवाय काही बदलता येणार नाही, असं उत्तर तिला आलं.

पुरावा माझ्याकडे होता. तुझी फिल्म मी फेकली नव्हती. नन्सनी बक्षीस दिलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ती बेचाळीस वर्षं होती.

तुझी परवानगी मागायला हे लिहीत नाही. काल मी नोटरीसमोर लेखी जबाब दिला आणि फिल्म कल्याणीच्या हातात ठेवली. जबाबाचं पहिलं वाक्य माझ्याविषयी आहे : शून्य मी लिहिलं, जाणूनबुजून. पुढे सात ठिपके कसले तेही लिहिलं आहे. घड्याळ कोणाचं ते लिहिलं नाही. ती एक ओळ तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. त्या पेल्याबद्दल यापेक्षा जास्त मला देता येणार नाही. समारंभाला मी येते आहे. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेव, असं रोहनला सांगितलं आहे. दुसरी रंगरावांची. "साहेब ओळखतील का मला?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मी तुझ्यावर सोपवलं आहे. आणि त्या पहिल्या पानावरचं शून्य तेवढं काढायला सांग. फोटो मात्र बदलू नकोस. हनुवटीखालच्या मनगटावर घड्याळ अगदी स्पष्ट दिसतं.

तुझ्याच बाकावरची,
सत्यशीला