बाबा कोणासाठी गेले

रविवार, २३ मे १९६५

लेन,

तब्येत कशी, पोरं कशी, ते सगळं विचारून झालं असं समज. धक्क्यावर लावायच्या पाटीचा मजकूर तू पोस्टाच्या खिडकीत डकवलास आणि सख्ख्या बहिणीला दाखवला नाहीस? ‘पंतप्रधानांचे अमर शब्द कानी पडताच या शूर कोळ्याने होडी समुद्रात लोटली.’ कानी पडताच! कोणाच्या कानी? पंचवीस वर्षांपूर्वी बाबा होडी घेऊन निघाले तो गुरुवार होता. भाषण पुढच्या मंगळवारी झालं. मेलेल्या माणसाला तू रेडिओ ऐकायला बसवलंस.

म्हणतोस, बाबांच्या मांडीवर बसून तो घोगरा आवाज ऐकला. सात वर्षांचा होतास तू. बाबांची होडी सुरुंगावर फुटल्याची बातमी आली तेव्हापासून आपल्या घराचे पडदे दुखवट्याने ओढलेले होते, समोरच्यांनीही आपल्यासाठी ओढले होते. आणि आपल्याकडे रेडिओ होता कुठे? गॉस्लिंगबाईंचा भिंतीतून ऐकू यायचा. पंतप्रधान बोलला पार्लमेंटात. रात्री रेडिओवर बातम्यावाल्याने त्यातलं थोडं वाचलं, तेही आधी स्वतःचं नाव सांगून, कारण जर्मन भलताच माणूस आणून बसवतील अशी भीती होती. आई म्हणाली, “किनाऱ्यावर लढणार म्हणे. किनाऱ्यावर राहतं कोण, विचारा त्याला.” ही तुझी अमर रात्र.

तुझ्या कानात आहे तो आवाज पुढे कितीतरी वर्षांनी निघालेल्या तबकडीतला. नाताळला ती लावून छातीवर हात ठेवून उभा राहतोस आणि इकडे माझं पुडिंग गार होतं.

सगळ्या गावाला आठवतंय म्हणतोस. जानेवारीत तो म्हातारा पंतप्रधान वारल्यापासून जो तो ऐकलेलाच निघतो. पाववाला टर्क परवा डोळे पुसत होता. मी म्हटलं, “अरे, तू तेव्हा इजिप्तमध्ये होतास ना?” तर म्हणे, “तिकडेही ऐकू आलं.”

ते सगळे भोळे असतील. तू भोळा नाहीस. पाटी, नगराध्यक्ष, फोटो, मग पुढची निवडणूक. आणि एवढ्या मजकुरात रेजचं नाव कसं नाही? मोठ्या भावाचे हात थरथरतात ते फोटोत बरं दिसत नाही, होय ना?

समुद्रापलीकडे जर्मनांनी कोंडलेल्या आपल्या सैनिकांना आणायला नौदलाचा माणूस होड्या मागत आला तेव्हा जिन्यावर माझ्या शेजारी तूच बसला होतास. तो म्हणाला, “होडी द्या. चालवायला माणसं आमची आहेत, तुम्ही घरी थांबा.” बाबा बूट घालत म्हणाले, “माझा रेज त्या वाळूत उभा आहे. अंधारातही तो माझी शिट्टी ओळखतो. तुमच्या माणसांना ती येते का?” देश नाही, पंतप्रधान नाही. शिट्टी. आणि रेज आला तो भलत्याच जहाजातून.

आता ऐक. हे लिहायचं मी इतका वेळ टाळत होते. काल रेज तिकिटं आणायला पोस्टात गेला. आला तो कोट न काढता मागच्या खोलीत बसला. मी चहा नेला.

“डल्सी,” म्हणाला, “म्हणजे ते भाषण ऐकून गेले? माझ्यासाठी नाही?”

“लेन गाढव आहे,” मी म्हटलं.

“छापलंय पण.”

लेन, त्याला बायको नाही, धड झोप नाही. बाप आपल्याला शोधत आला होता, एवढ्यावर तो माणूस इतकी वर्षं उभा आहे. तेही तू उचलून पंतप्रधानाला देऊन टाकलंस. काल त्याने जेवण परत पाठवलं. आज जाळं घेऊन बसला होता, एक गाठ मारली नाही.

पाटीवर लिही, ‘आपल्या मुलाला आणायला गेले.’ बाकी एक शब्द नको.

मला पत्र पाठवू नकोस. शनिवारी दुपारच्या आत इथे ये आणि रेजला तोंडाने सांग. नाही आलास तर लक्षात ठेव, तुझ्या समारंभात पाटीवरचा पडदा ओढायचा मान तू मलाच दिलायस. दोरी हातात धरून मी काय बोलेन, ते तू, नगराध्यक्ष आणि सगळा धक्का एकदमच ऐकाल.

शनिवारपर्यंत तुझी बहीण,
डल्सी