अकरा वाजून चार मिनिटांची नोंद

मी, वय अडुसष्ट, महाविद्यालयाच्या संगणक विभागातून निवृत्त, डोके ठिकाणावर असताना (पत्नीचे मत वेगळे आहे) आणि कुणाच्याही दडपणाविना माझी शेवटची व्यवस्था लिहून ठेवत आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीला. दोन्ही संगणक मुलीला. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. चोराची सोय केलीत, हे पत्नीने सांगून झाले आहे.

२. मेहुण्यांनी नेलेले ड्रिल मशीन त्यांच्याकडेच असू द्यावे. म्हणजे त्यांनाही काही मिळाले असे होईल.

३. हत्यारांची पेटी माझा मित्र वायरमन याला.

४. चाळीस संगणकांवर एकेक करून प्रोग्राम बसवायचा मला कंटाळा. मी काळ्या पडद्यावर एका ओळीत आज्ञा लिहायचो. मग प्रोग्राम कुणाला 'मान्य आहे का?' असे न विचारता सगळीकडे आपोआप बसायचा. त्या ओळीच्या शेवटी 'संगणक पुन्हा सुरू करू नये' अशी सूचना जोडावी लागते. एकोणीस वर्षांपूर्वी, परीक्षेच्या दिवशी, ती जोडायला मी विसरलो. अकरा वाजून चार मिनिटांनी चाळीसच्या चाळीस संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि मुलांनी लिहिलेली उत्तरे गेली. वायरमन तेव्हा बाहेर ट्यूबलाइट बदलत होता. त्यानेच मेन स्विच पाडला असे ठरले आणि त्याची नोकरी गेली. मी मूग गिळून बसलो. त्या प्रोग्रामने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद माझ्याकडे आहे: 'यशस्वी. संगणक पुन्हा सुरू केला.' माझ्या मृत्यूनंतर ती महाविद्यालयाला द्यावी. मला या गोष्टीची लाज वाटते.

सही करण्याआधी हे सर्व वायरमनला वाचायला दिले. त्याने दोनदा वाचले. आपण स्विचला हात लावला नव्हता, तेव्हा हे काम कुणाचे ते पहिल्या दिवसापासून माहीत होते, म्हणाला. मी कधी बोलतो याची वाट बघत होता. मग त्याने विचारले, "तू मेल्यावर कशाला? आधी मी गेलो तर?"

नोंद आजच महाविद्यालयाला पाठवली. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणतात. त्याने पेटी सोडली आणि साक्षीदार झाला. सबब कलम तीन रद्द.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: अकरा जून

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: शेजारच्या शिंपीणबाई (सही)

साक्षीदार दुसरा: वायरमन (सही)
स्वतःच्या हाताने: सही माझ्यासमोर झाली. कलम चार खरे आहे.