न अडखळता घेतलेलं नाव

रवि. १३ जुलै १९४७, निपाणी

खाकी कापड बारा पोरींना पुरत नाही. आठच शिपाईणी होतील. उरलेल्या चौघींच्या हातात झेंडे द्यायचे नि मागं उभं करायचं. पंधरा ऑगस्टचं नाटुकलं हेडबाईंनी माझ्या गळ्यात मारलं, का तर मी इतिहास शिकवते. विषय कमिटीनं ठरवलाय : बेचाळीसच्या रणरागिणी. कमिटी म्हणजे अध्यक्ष अण्णासाहेब, तंबाखूचे व्यापारी. बाकीचे नुसते माना डोलावणारे.

अ.सा.ना घोडा पायजे. म्हटलं, बेचाळीस साली निपाणीत कुठली बाई घोड्यावर बसलेली तुम्ही बघितली? म्हणाले, "बाई, लोकास्नी बघायला काय तरी नको व्हय?"

घोडा रद्द. तलवारीवर अजून अडून आहेत.

गुरु. १७ जुलै

अ.सा.नी कथानक धाडलं. पुण्याहून मास्तरांचं पत्र आलंय त्यावरनं. मास्तर इथलेच, बेचाळीसला भूमिगत होते, पकडले गेले, तीन वर्षं तुरुंगात काढली. पत्रातलं थोडक्यात लिहून ठेवते :

हद्दीपलीकडे संस्थानात जायचं होतं. बैलगाडी केली. एक धाडसी बाई त्यांची बायको होऊन गाडीत बसली. ("नाव सांगत नाही, संसारी आहे.") मास्तर तापलेला नवरा होऊन घोंगड्याखाली पडलेले. कोगनोळीजवळ शिपायांचा पहारा. बायकोला नवऱ्याचं नावगाव विचारलं. "बाईंनी न अडखळता उत्तर दिलं." तरी घोंगडं ओढलंच. घात गाडीवानानं केला, कारण त्याला संध्याकाळी सोडून दिलं.

गाडीवान म्हणजे बाळाप्पा. आख्ख्या गावाला माहीत आहे. पाच वर्षं झाली, इथला एकही व्यापारी त्याच्या गाडीत पोतं टाकत नाही. पोरीला दोनदा बघायला आले, नि कुणाची पोर ते कळल्यावर चहा न पिता उठले.

साक्षीदाराचं पत्र आहे म्हणजे पुरावा आहे. लिहायला घेतलं.

रवि. २० जुलै

पहिला प्रवेश झाला. शिपाई दरडावतो, "नवऱ्याचं नाव काय?" नि ती ताठ मानेनं खणखणीत सांगते, "आप्पासाहेब बाळगोंडा पाटील!" टाळी पडणार हे नक्की. मला स्वतःलाच बरं वाटलं.

माहेराहून, खासबागेतनं, आईचं पत्र. गुडघे दुखतात. नाटकासाठी जुनं इरकली लुगडं पाठवते म्हणाली.

बुध. २३ जुलै

चंद्राक्काकडे गेले. तंबाखूच्या वखारीत पाला निवडते. बेचाळीसला पाटीतनं पत्रकं न्यायची, हे सगळ्यांना ठाऊक. नवरा मारुती त्याच वखारीत हमाल, बायकोचं कौतुक तोच सांगत सुटतो. अ.सा. त्या दिवशी तिचा खण-नारळानं सत्कार करणार आहेत.

बंदूक होती का, विचारलं. लई हसली. "बंदूक? अवो बाई, खुरपं सुदीक न्हवतं. वर चुरा, खाली कागद. शिपायानं पाटीत हात घातला की शिंका सुरू. शिंकून शिंकून मरायचा, म्हनायचा जा जा."

कासोटा घालून पळायचं कधी?

"पळाली की धरली. आमी आपलं चालायचं. कंबर दुखतीय असं चालायचं."

पोरींना उद्या असंच चालायला शिकवायचं. तलवार रद्द. तालमीला ये म्हटलं, व्हय म्हणाली.

शनि. २६ जुलै

तालीम. बायको झालेली पोरगी नवऱ्याच्या नावापाशी आली की पदर तोंडात धरून हसते. बाकीच्याही खिदळतात. दोनदा झालं. मी ओरडले, "ह्यात हसण्यासारखं काय आहे?" तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून घडाघडा म्हटलं.

चंद्राक्का भिंतीला टेकून बसली होती. नाव ऐकलं तशी उठली. चप्पल न घालता गेली. चपला इथंच आहेत.

रवि. २७ जुलै

चपला द्यायला गेले. मारुती घरी नव्हता. तिनं दार लोटून घेतलं, मग बोलली. जसं आठवतं तसं :

"गाडीत मीच हुते बाई. नाव आदल्या दिवशी पाठ केलतं. शिपायानं इचारलं, मी सांगून टाकलं, साळंत पाढा म्हनत्यात तसं. म्हातारा शिपाई हुता. गप माज्याकडं बघत ऱ्हायला. म्हनला, तीस वर्सं नोकरी केली, नवऱ्याचं नाव असं धाडकन घेनारी बायकू बघितली न्हाय. कुनाची गं तू? आनि घोंगडं वडलं."

अगदी खरं. कुठली बायको परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव घेते? गाडीवानाकडं बघेल, "त्यास्नीच इचारा" म्हणेल, नाहीतर खाली मान घालून गप बसेल. नाव खोटं होतं म्हणून तोंडातनं सुटलं. मास्तरांनी लिहिलंय, न अडखळता! शाबासकी म्हणून लिहिलंय. पाच वर्षांत त्यांना कळलंच नाही. आणि मी बाई असून मला कळू नये? चवदाव्या वर्षी कुंकू गेलं. नाव घ्यायची नि टाळायची वेळच आली नाही, हे कारण मी स्वतःला देते. पण पोरींना कळलं होतं. त्यांच्यावर ओरडले. लाज वाटली.

तिला का सोडलं? "बाईमानूस. म्हनले भाड्यानं आनली असंल." बाळाप्पाला मारलं आणि सोडलं.

मारुतीला यातलं काही ठाऊक नाही. ती चुलतभावाच्या लग्नाला माहेरी गेलती एवढंच त्याला माहीत. परक्याची बायको म्हणून गाडीत बसली हे कळलं तर घरात ठेवणार नाही म्हणते.

"माजं नाव घालू नका. पन बाळाप्पाला फितूर दावू नका, पाया पडते."

गुरु. ३१ जुलै

फितुरीचा प्रवेश काढून टाकला. अ.सा. भडकले. "मग मास्तर पकडले कसे? आपोआप?" कारण नसलेली गोष्ट लोक मानत नाहीत, हे खरं आहे. मीच वर्गात रोज सांगते. नुसतं गाळलं तर लोक मनातनं गाडीवानच घालणार, मग गाळून उपयोग काय?

खरं दाखवायचं म्हटलं तर एकच रस्ता. शिपायाला संशय कसा आला ते दाखवायचं, चंद्राक्काचं नाव न घेता.

मंगळ. ५ ऑगस्ट

चंद्राक्काला विचारलं : जसं झालं तसं दाखवू? बाईचं नाव नाही, काही नाही. बराच वेळ पाला निवडत राहिली. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमास्नी ठावं."

मी होकार धरला.

बारीकसारीक विचारून घेतलं. लुगडं शेजारणीचं, हिरवं. मांडीवर आहेराचा पितळी तांब्या, लाल फडक्यात बांधलेला. लग्नाला निघालोय असं दिसावं म्हणून. तांब्या शिपायानं ठेवून घेतला. सगळं उतरवलं. असं खरंखुरं नाटक निपाणीत झालं नसेल.

शनि. ९ ऑगस्ट

अ.सा.ना वाचून दाखवलं. नावाचा मुद्दा त्यांच्या ध्यानात येईना. त्यांच्या मंडळी आतनं ऐकत होत्या, चहा घेऊन आल्या नि म्हणाल्या, "बरोबर हाय की. मी त्या शिपायाच्या जागी असते तर मी पन तिला पकडलं असतं." तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मग त्यांना सुचलं, त्या बाईला उखाण्यात नाव घेऊ द्या, लोक हसतील. नको म्हटलं. आठ शिपाईणी शेवटी कवायत करणार, ही माझी माघार. तेवढ्यावर मिटलं.

गुरु. १४ ऑगस्ट

तांब्या मिळाला. नवा होता, चिंचेनं घासून थोडा जुना केला. सगळं तयार. झोप येईल असं वाटत नाही.

शुक्र. १५ ऑगस्ट

सकाळी झेंडा. पेढे. पावसाची भुरभुर, कुणाला फिकीर नाही. माणसं रडत होती, मीपण.

दुपारी नाटक. एका बाजूला बायका, एका बाजूला बाप्ये. शिपायानं विचारलं, पोरीनं घडाघडा नाव घेतलं, आणि बायकांच्या बाजूनं एकदम, "अगं बया!" दोनशे बायकांना शिपायाच्या आधी कळलं. बाप्ये एकमेकांकडं बघत होते : काय झालं? काय झालं? म्हातारा शिपाई बोलला तेव्हा त्यांना कळलं. बाळाप्पा पार मागं, झाडाखाली उभा होता. दोघांतिघांनी वळून त्याच्याकडं बघितलं. एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलं.

मग शिपायानं लाल फडकं सोडलं आणि तांब्या वर धरला. पुढच्या रांगेत मारुती उठून उभा राहिला. मागचे "बसा की" म्हणाले तेव्हा बसला.

सत्काराला चंद्राक्काचं नाव पुकारलं. ती आली, खण-नारळ घेतला, माझ्याकडं बघितलं नाही.

शनि. १६ ऑगस्ट

चंद्राक्का वखारीत नाही. शेजारीण म्हणते, काल तिन्हीसांजेला माहेरी गेली. गेली का घालवली? "ते न्हाय ठावं बाई."

बाळाप्पा शाळेत आला. पाया पडायला आला असेल असं मला वाटलं, हे लिहून ठेवते, म्हणजे परत असं वाटणार नाही. दारातच उभा राहिला.

"मला ठावं न्हवतं व्हय, बाई? गाडीवर मीच हुतो. कान हुते मला. मार खाल्ला तवाच बोललो असतो. पाच वर्सं गप बसलो ते कशापायी? तिचा संसार हाय म्हनून. माजी पोर बिनलग्नाची घरात बसलीय, तिला सुदीक सांगितलं न्हाय. आनि तुमी तांब्यासकट दावलंसा."

म्हटलं, चंद्राक्कालाच तुमचं वाईट वाटत होतं.

"वाटू दे की! तिला वाटत हुतं, मला वाटत हुतं, चाललं हुतं. तुमाला कुनी बोलावलं?"

एवढा राग गिळून माणूस पाच वर्षं बैलांशी बोलत कसा राहिला? जाताना म्हणाला, "आता सांगा जा मारुतीला, नाटकापुरतं हुतं म्हनून." हे सांगताना आवाज खाली आला होता.

रवि. १७ ऑगस्ट

अ.सा.चा माणूस सकाळीच. नाटक चिकोडीला करायचं, बायका मागणी करतायत. कळवते म्हटलं.

अकराच्या सुमाराला मारुती आला. आंघोळ करून, टोपी घालून. बस म्हटलं तर बसला नाही. भांडायला आला असता तर सोपं गेलं असतं.

"बाई, आमी अडानी. तुमी खोटं लिवत न्हाय असं सगळी म्हनत्यात. तांब्या मी आनलता, चुलतमेव्हण्याच्या आहेराला. लाल फडकं मी बांदलं. ते तुमच्या नाटकात कसं आलं?"

नाटकाची वही समोरच होती, ती मी मिटली.

"तिला इचारलं. ती बोलंना. घालवली न्हाय मी, तीच गेली." मग बराच वेळ टोपी काढून हातात फिरवत राहिला. "एकच सांगा. ते खरं व्हय, का नाटकापुरतं? तुमी नाटकापुरतं म्हना, मी आत्ता जाऊन तिला घिऊन येतो. मला तुमचा शब्द बास हाय."

त्याला तेच ऐकायचं होतं, आंधळ्याला कळेल. माझ्या ओठावर आलंही. पण मी नाटकापुरतं म्हटलं की मारुती तेच वखारीत सांगणार, वखारीतनं गावात, आणि उद्या संध्याकाळपर्यंत बाळाप्पा परत फितूर. त्याला चालणार आहे. त्याच्या पोरीला चालेल का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

मारुतीला म्हटलं, मला जरा आठवू दे.

"आठवायचं काय त्यात?" म्हणाला. पण मान हलवली. उद्या शाळा सुटल्यावर येतो म्हणाला.