आठवडाभर लाँड्री बंद

३ मार्च, सोमवार

समुद्र! ह्यांनी स्वतःहून समुद्र म्हटलं! इमारतीतले पाण्याचे पाइप बदलणार, म्हणजे या महिन्याच्या शेवटी आठवडाभर लाँड्री बंद. मला वाटलं, हे तेवढ्यात मशीनचे पट्टे बदलायला काढतील. तर जेवताना म्हणाले, आपण समुद्रावर जाऊ, पण जागा शांत हवी, अगदी शांत. गर्दी नको, गाणी नको. मी हसले. मग म्हणाले, "मला तुझ्याशी बोलायचंय. तिथे गेल्यावर बोलू." आणि ताट उचलून गेले.

घास तोंडातच राहिला. काय बोलायचंय? इथे का नाही बोलता येत?

५ मार्च

विचारलं. हे पाठमोरे भांडी विसळत होते. म्हटलं, अहो, काय ते आत्ताच सांगा ना. उत्तर नाही. नळ चालूच. दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

हल्ली असंच. घरी मूग गिळून बसतात. लाँड्रीत मात्र आमचं झकास चालतं — सगळी मशीनं आणि ड्रायर एकदम घरघरायला लागले की बोलायचा प्रश्नच नाही, सगळं हातांनी. बोट गोल फिरवून भुवया उंचावल्या की 'मशीन चालू आहे का?' नुसतं बोट फिरवलं की 'चालू', मूठ दाखवली की 'बंद'. मनगटावर टिचकी म्हणजे गिऱ्हाईक खोळंबलंय. नाकाला बोट म्हणजे त्या बाई आल्या, ज्यांना धुतलेल्या कपड्यालाही वास येतो. काल त्या दारात दिसल्या आणि ह्यांनी गंभीर चेहऱ्याने नाकाला बोट लावलं. मला हसू आवरेना, चादरीच्या ढिगात तोंड लपवलं.

तोच माणूस घरी येऊन भिंत होतो!

८ मार्च

ताईला फोन केला. करायला नको होता. तिचं मत — पुरुष असा मुद्दाम लांब नेऊन बोलतो म्हणतो, तेव्हा त्याला वेगळं व्हायचं असतं. तिच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी असंच झालं म्हणे, डोंगरावर. "डोंगरावर ना? आम्ही समुद्रावर चाललोय," असं काहीतरी म्हणून फोन ठेवला.

९ मार्च, रविवार

सहलवालीकडून तीन जागांचे फोटो आणले. (सहलवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या प्रवास कंपनीतली मुलगी. एकदा बोलायला लागली की थांबत नाही, पण मनाने चांगली.)

पहिली जागा — बेट, मोजकी घरं. मी म्हटलं, होडी लागेल, मला मळमळतं. दुसरी — लांबच लांब वाळू, एकच विश्रामगृह. मी म्हटलं, तिथे जेलीफिश असतात. असतात का? मला काय माहीत! तिसरी — मोठं हॉटेल, पोहायचा तलाव, रोज संध्याकाळी बँड. मी म्हटलं, ही बरी वाटते. ह्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

खोडा मीच घालतेय, कळतंय मला. पण बँड वाजत असताना कोण कुणाला काय सांगणार? मला तेच हवंय. त्यांनी काही सांगूच नये.

१२ मार्च

ठरलं! मी चादरी पोचवायला गेले होते तेव्हा सहलवालीचा लाँड्रीत फोन आला. एरवी फोनचा दिवा लुकलुकला की हे मलाच खूण करतात, घरघरीत घंटी कुणाला ऐकू येणार! आज मी नव्हते, घ्यावाच लागला. ती मला रस्त्यात भेटून सांगते, साहेबांना दोनदा विचारलं, बँडवालंच हॉटेल करू ना? दोनदा हो म्हणाले!

सुटले. आज पोटभर जेवले.

१३ मार्च

पण हो का म्हणाले?

१५ मार्च, शनिवार

नाही सुटले. आरक्षणाचे कागद आले. वर बँडवाल्यांचाच फोटो. ह्यांचा चेहरा पडला. विचारलं, हे कुणी ठरवलं? म्हटलं, तुम्हीच की! फोनवर दोनदा हो म्हणालात. तसेच खाली बसले, न धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर. "मी असं म्हणालो?"

रागावले असते तर मी भांडले असते. रागावलेच नाहीत. घाबरल्यासारखे दिसत होते, आणि ते पाहून माझंच धाबं दणाणलं. मग म्हणाले, "एकदाच शांत जागी जाऊ. मग तू म्हणशील तिथे." उठले, सहलवालीकडे गेले, तिच्यासमोर बसून सगळं बदलून आले. दुसरा फोटो. लांबच लांब वाळू.

२१ मार्च

सामान भरलं. आम्ही कुठेही गेलो तरी दोघांत एकच बॅग असते. आज मी दोन भरल्या. एकटीने परत यायची वेळ आली तर माझे कपडे त्यांच्या बॅगेतून काढत बसायला नको. ह्यांनी दोन्ही बॅगा पाहिल्या. दोन्ही स्वतःच उचलून दाराशी ठेवल्या.

रडले. न्हाणीघरात, नळ सोडून.

२२ मार्च

पोचलो. खोली साधी, स्वच्छ. माणूस नाही, गाडी नाही. जेलीफिशही नाही. फक्त समुद्र, आणि तो कसला शांत! लाटा इतक्या आपटतात की खिडकीची काच थरथरते, त्यापेक्षा आमची लाँड्री बरी. हे ओसरीत बसलेत, मान एका बाजूला करून, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. म्हणाले, उद्या सकाळी बोलू.

जीव टांगणीला लागलाय. देवा, उद्या नको.

२३ मार्च, रविवार

सकाळी वाळूवर आम्ही दोघंच. हे अगदी पाण्यापाशी गेले, डोळे मिटून खूप वेळ उभे राहिले. मग वळले. समुद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि बोट गोल फिरवलं.

थट्टा वाटली. मी हसले. ते हसले नाहीत.

मीही बोट फिरवलं. चालू आहे.

"मला वाटलं होतं, मशीनचीच घरघर कानात बसलीय," ते म्हणाले. "शांत जागी आलं की जाईल. पण इथे लाटासुद्धा ऐकू येत नाहीत."

मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. मग सोडले. बोलायला हात मोकळे हवेत ना आता.