पावडर खाली जात नाही

ती. वहिनीस,

तुझ्या धाकट्या नणंदेचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दोघांचीही स्वतंत्रपणे चौकशी करते आहे, एकाची केली की दुसरा रुसतो, असं तूच सांगितलं होतंस.) माझी तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मागे फोनवर तू म्हणालीस, "वन्सं, पुरे झाली नोकरी. आता कायमच्या इकडे या." मी म्हटलं, टाकीचं काम संपल्याशिवाय कशी येऊ? तू 'बरं' म्हणून फोन ठेवलास. तेव्हा त्या टाकीची हकिगत तुला सविस्तर कळवणं माझं कर्तव्यच आहे.

आमच्या खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात नवी टाकी यायची आहे. आत पातं फिरणार, औषध ढवळलं जाणार आणि वर टाकलेली पावडर खाली ओढली जाऊन विरघळणार. खरी टाकी घेण्याआधी हे सगळं कॉम्प्युटरवर फिरवून बघायचं, एवढ्यासाठीच मला निवृत्तीनंतरही ठेवून घेतलं. पण माझ्या टाकीत पावडर खाली जाईचना. पातं गरगर फिरतंय आणि ही वर साय धरल्यासारखी निवांत. हिशोबासाठी टाकीचे बारीक चौकोन पाडतात, ते आणखी बारीक केले. कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. औषधाचा घट्टपणा तपासला. पात्याचा वेग वाढवला, तर पावडर आणखीच उसळून वर. शेजारच्या टेबलावरची मुलगी गोड आहे, पण तिच्या कानात सदैव गाणी, त्यामुळे ती नुसत्या भुवया उंचावून सहानुभूती दाखवते. डबा मी टाकीसमोरच खाते. हल्ली टाकीशी बोलतेही. (ती ऐकते असं नाही, पण मध्येच उठून जात नाही.) घरच्या मिक्सरचीही वेगळीच तऱ्हा. एकटीपुरता टोमॅटो टाकला की तो कडेला चिकटून बसतो आणि पातं रिकामंच फिरतं. दादा गेल्यापासून तुझ्याकडेही असंच होत असेल.

शेवटी घोळ सापडला. पातं कोणत्या दिशेने फिरतं, हे कॉम्प्युटरला सांगायची एक रीत आहे. उजव्या हाताची बोटं फिरण्याच्या दिशेने वळवायची आणि अंगठा वर आला तर अधिक, खाली गेला तर उणे भरायचं. मी जन्माची डावखुरी. शाळेत सिस्टरांनी मोठ्या मायेने (आणि पट्टीने) मला उजव्या हाताने लिहायला लावलं. त्या पट्टी उगारत, पण थंडीत माझे हात स्वतःच्या हातांत घेऊन चोळतही, अजून आठवतं. तर पेन कायम उजव्या हातात, रिकामा राहिला डावा, आणि मी बोटं वळवली ती डाव्याची. इतके दिवस माझं पातं उलटं फिरत होतं आणि पावडरीला खाली ओढायचं सोडून इमानेइतबारे वर ढकलत होतं. एक चिन्ह बदललं आणि पावडर शहाण्या मुलीसारखी खाली गेली. मी टाळी वाजवली. शेजारच्या भुवया उंचावल्या.

पण म्हणून काम संपलं असं समजू नकोस. अजून पुष्कळ तपासायचं आहे. इतक्यात येणं जमेलसं दिसत नाही.

तुझी,
वन्सं

ता. क. तपासायचं काही उरलेलं नाही. अहवाल गेल्या आठवड्यातच दिला. साहेबांनी फुलं दिली, चांगलं बोलले आणि टेबलाची किल्ली मागून घेतली. हे पत्र घरून लिहिते आहे.

आणखी एक ता. क. एकदा नाही म्हटल्यावर आपणहून 'येते' म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा हे पत्र पोचलंच नाही असं दाखव, फोन कर आणि पुन्हा एकदा आग्रह कर. मी सवयीने आधी नाहीच म्हणेन. या वेळी तेवढ्यावर फोन ठेवू नकोस.