एकदाच घेतलेला घोट

लालबाग, मार्च १९५८

प्रिय दगडू,

मावशीनं गिरगावात नेऊन तुला रामदास केलं, पण माझ्या तोंडी बारशाचंच नाव येतं. काल चौपाटीवरची संयुक्त महाराष्ट्राची सभा आटोपून तुझ्याकडे आलो होतो. तुझी कमल म्हणाली, ऑफिसातून अजून आले नाहीत. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. परत निघालो, तर मागच्या गल्लीत चोरून दारू विकणाऱ्या आंटीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत बाकड्यावर तू बसलेला.

दारूबंदी असली तरी गिरणगावात पिणाऱ्याचं कुणाला नवल नाही. पण तू? मावशीच्या घरात कांदासुद्धा चालत नव्हता. हाक मारणार तोच तू पेला ओठाला लावलास, डावा डोळा मिटलास आणि तळव्यानं मान चोळलीस. बाबा असंच करायचे. अगदी असंच. तू दीड वर्षाचा असताना मावशीकडे गेलास, तू हे कुठं पाहिलं असशील? हाक न मारताच वळलो. लालबागला कसा पोचलो, आठवत नाही. आज गिरणीत मागावर धागा तुटला तोही शेजारच्यानं दाखवला.

बाबा तापानं गेले असं तुला सांगितलंय. मावशीची तशी इच्छा होती. ताप नव्हता रे. पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले, शेवटी रक्ताची उलटी. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मी पीत नाही याचं चाळीत कौतुक आहे. धोंडू निर्धाराचा, म्हणतात. बायको असून शांतालाही जे सांगितलेलं नाही ते तुला सांगतो. बाबा जायच्या आदल्या वर्षी त्यांच्या पेल्यात उरलेला दारूचा घोट मी प्यायलो. पहिल्यांदा पोरं तोंड वाकडं करतात, थुंकतात. मला ती आवडली. इतकी, की रिकामा पेला चाटला. आजही वास आला की तोंडाला पाणी सुटतं. ती ओढ आपल्या दोघांत सारखीच आहे, दगडू. ती माणसाला कुठं नेते ते मी पाहिलं आणि तुझ्यापासून सगळ्यांनी लपवलं, म्हणून हे लिहिलं. रविवारी येतो. रागवायला नाही. प्यायची वेळ झाली की जीव कसा होतो ते मला ठाऊक आहे, तेवढा वेळ तुझ्याजवळ बसेन.

तुझाच,
धोंडू